घरात थारा

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला ड्युटीवर वॉर्डात फोन नेऊ देत नाहीत, म्हणून औषधांच्या गाडीबरोबर हे पत्र. तुझा उनाड भाऊ सध्या गावभर गाजतोय बरं का! नगरपालिकेच्या साथीच्या सूचना मीच लिहितो आणि भोंग्याच्या गाडीवर मीच वाचतो. शत्रू दाराशी आलाय, त्याला घरात थारा देऊ नका, असं म्हटलं की लोक पटापट खिडक्या लावून घेतात. बाबा तेवढे कौतुक करत नाहीत. ऐकतात आणि खोलीत जाऊन बसतात. थकवा आहे म्हणतात. तू जप. लोभ वाढता ठेव.

तुझा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा आवाज इथवर येतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माणसं फार उशिरा येताहेत रे. काल शिवणकाम करणारी एक बाई आली, ओठ निळे पडलेले. इतकी का थांबलीस विचारलं, तर म्हणाली, शत्रूला हिनेच घरात घेतलं असं शेजारी म्हणतील. छप्पर गळायला लागलं तर आपण लाजतो का? चार जणांना हाक मारतो. तसं काहीतरी लिही. आणि बाबांचा थकवा मला बरा वाटत नाही. आजच ताप बघ, टाळाटाळ नको. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी,
ताई

दि. ८ मार्च

ताई,

मायना लिहायला हात धजत नाही. बाबा घरात नाहीत. तुझं पत्र वाचून खोलीत गेलो, तर अंथरुणाची घडी घातलेली, उशी उन्हात टाकलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, खोकत खोकत गेले. पोराचं ऐकायला हवं, हे दुखणं घरात ठेवायचं नाही, असं म्हणत होते. ते नोकरीला होते त्या जुन्या बसडेपोत बघायला निघालोय. सापडले की तुझ्याकडेच आणतो. खाट तयार ठेव.

धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बंद पडलेल्या बसमधून त्यांना वेळेवर काढलंस. प्राणवायू लावलाय, पण श्वास अजून सुधारत नाही. तुझ्यापासून लपवणार नाही. तू रजेवर असलास तरी गाडी तुझंच रेकॉर्डिंग लावून फिरतेय. ती खिडकीखालून गेली की बाबा नळी काढून उठायला बघतात. पोरी, मला बाहेर ठेव, म्हणतात. मी हात धरून समजावते, पण माझं त्यांना पटत नाही. तुझाच आवाज खरा वाटतो. साहेबांच्या परवानगीसाठी थांबू नकोस. आज स्वतः गाडीवर बस आणि या खिडकीखाली उभा राहून, बरे होऊन घरी या, असं त्यांना बोलाव. आमच्यावर लोभ असेल तर एवढं कर.

तुझी,
ताई