पिंपळाची बदली

पप्पा,

आज रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून मी पिंपळाचा शेंडा छाटला. त्याआधी चहा प्यायलो आणि कुठून कापायचं ते पुन्हा मोजलं. झाड जेमतेम हातभर उंच आहे, पसरट कुंडीत. आपल्याच बिल्डिंगच्या पाइपला उगवलेलं रोप मी काढून आणलं होतं. त्याचं खाली जाणारं मूळ कापलं आणि या कुंडीत लावलं. याला बोनसाय म्हणतात. झाड लहानच ठेवायचं, पण दिसायला ते जुन्या वृक्षासारखं दिसलं पाहिजे. तुमच्यानंतर वर्षभरात माझी शाळा सुटली. आता ज्या नर्सरीत काम करतो, तिथे हे शिकलो.

भिंतीतून झाड काढायला मात्र तुमच्याकडेच शिकलो. तुम्ही इमारतींचे बाहेरचे पाइप दुरुस्त करायचात. भिंतीत पिंपळ उगवला की सोसायटीवाले तुम्हालाच शोधायचे, कारण त्याला स्वतः हात लावायला कुणी धजत नसे. मुलुंडची ती दुपार मला अजून दिसते. तुम्ही दोराला बांधलेल्या फळीवर तिसऱ्या मजल्यापाशी बसलेले आहात आणि मी खाली दोरापाशी उभा आहे. खिडकीतून एका काकूंचा हात बाहेर येतो. "थांबा हो, आधी हळदकुंकू लावते त्याला." तुम्ही म्हणता, "लावा ताई, पण जरा लवकर. मी लटकलोय." त्या हळदकुंकू लावतात आणि हळूच विचारतात, "पाप नाही ना लागणार?" तुम्ही म्हणता, "अहो, आमचा तर हा बोधिवृक्ष. मी त्याला मारत नाही, फक्त बदली करतो."

आणि खरंच करायचात. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून रोप घरी यायचं, दोन दिवस मोरीत राहायचं आणि आईनं कटकट सुरू केली की टेकडीखालच्या मैदानाच्या कडेला जायचं. घरात एकही ठेवलं नाहीत. मुलुंडचं बिल तुम्ही मला लिहायला दिलंत, तर मी 'पींपळ काढणे' असं लिहिलं. तुम्ही कागद परत केलात. "उपटतोय आपण त्याला. निदान नाव तरी नीट लिही रे." आई हसली, मला रडू आलं. अजूनही ऱ्हस्व की दीर्घ याची खात्री झाल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही.

सध्या झाडाची पानं गळलेली आहेत. तांबूस पालवी फुटायच्या आधीचे हे थोडेच दिवस, कुठली फांदी कुठून निघालीय ते आत्ताच नीट दिसतं. आत वळलेल्या फांद्या काढल्या. उरलेल्यांना तार गुंडाळून त्या बोटानं हळूहळू खाली वाकवल्या. शेंडा तेवढा राहिला. तो ठेवला तर खोड काठीसारखं सरळ ग्रिलबाहेर जाणार आणि मग हे झाड घरात राहणार नाही. छाटला तर वाळायची भीती. पिंपळ चिवट असतो हे मला माहीत आहे, तरीही.

"हात मुरगाळलेस, आता मान कापणार?" आई म्हणाली. "झाड पाळतोयस की चोर पकडलायस?"

"आई, प्लीज, बोलू नकोस ना आत्ता."

"मैदानात लाव त्याला. तुझे पप्पा असते तर कधीच लावून आले असते."

"माहितीये. मला हे घरात हवंय."

"का पण?"

मी कात्री उचलली. "जरा धर," एवढंच म्हणालो. तिनं कुरकुरत खोड दोन बोटांत धरलं, तान्ह्या बाळाची मान धरतात तसं. बाजूच्या डोळ्याच्या, म्हणजे न उमललेल्या कोंबाच्या, किंचित वर तिरका काप घेतला. आता तो डोळा फुटला की तोच नवा शेंडा होईल. पांढरा चीक भळभळून आला, तो ओल्या फडक्यानं टिपत बसलो. "एवढंच? यासाठी महिनाभर झोप उडवलीस माझी?" असं म्हणत आईनं छाटलेला शेंडा उचलला आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती भरून खोचला. "हा माझा. जगला की हा जाईल मैदानात." जगेलच असं नाही, पण मी डबा खिडकीत कुंडीशेजारी सरकवून ठेवला.

तिनं 'का' विचारलं, त्याचं उत्तर तुम्हाला देतो. तुम्ही लावलेले पिंपळ आता खूप मोठे झालेत, आणि त्यांच्यामध्ये आपोआप आलेलेही तेवढेच मोठे झालेत. त्यातले तुमचे कुठले, मला ओळखता येत नाहीत. एक तरी झाड मला फांदी न् फांदी माहीत असलेलं हवं होतं. मागे आईनं मैदानात विचारलं होतं, "यातलं यांचं कुठलं रे?" मी पटकन एकाकडे बोट दाखवलं. बाजारात जाता-येता ती आता त्यालाच हात लावते. परवा तर पिशवी खाली ठेवून उभीच राहिली. ते तुमचं आहे की नाही, मला ठाऊक नाही, पप्पा. तिला हे अजून सांगितलेलं नाही.