दिवाळीनंतरही मीना याच शाळेत

प्रिय मीनाचे पप्पा,

मनातल्या मनात तुमच्याशी रोजच बोलते, पण आज कागद घेऊन बसले. आज सहामाहीचा निकाल लागला. मीना पास झाली! हेडमास्तर एवढंच म्हणाले, "दिवाळीची सुट्टी संपली की वेळेवर पाठवा तिला." म्हणजे तिचं नाव काढायचं नाही!

'दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर काढून घ्या' ही हेडमास्तरांची अट कबूल करून तुम्ही जूनमध्ये इथल्या साध्या शाळेत तिचं नाव घातलं, हे मला कधी सांगितलंत? तुम्ही गेल्यावर हेडमास्तरांकडून कळलं. एवढं ओझं एकट्याने का वाहिलंत हो?

धुळ्याची ती मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा वाईट नव्हती. पण एवढीशी पोर वसतिगृहात सोडून निघालात आणि एस.टी. स्टँडवरूनच तिला घ्यायला माघारी फिरलात. संध्याकाळी जळगावला बापलेक दारात उभे! तुमच्या आई म्हणाल्या, "बरं करं भाऊ, पोरले घर लई उना!" पोरीला घरी आणलंत म्हणून केवढा आनंद झाला त्यांना!

मग वर्षभर तुम्हीच तिला घरी अक्षरं शिकवलीत. डाळमिलमध्ये कामावर यंत्रांच्या घरघरीत तुम्ही सगळे कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचात. मीनाशीही तसंच, समोर बसून, सावकाश. तुमचं सगळं तिला कळायचं.

शाळेत मात्र श्रुतलेखनात भोपळा! बाई बाकांमधून फिरत शब्द सांगायच्या. त्यांची पाठ फिरली की पोरीला काय कळणार? मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "ताई, वर्ग भरलेला असतो. एकीसाठी काय काय करू?" घरी येऊन खूप रडले. तुमचा रागही आला. अशा वेळी का गेलात?

मग एक दिवस मीनाच्या बाकावरची शबाना, आपल्या मागच्या गल्लीतल्या शिंप्यांची मुलगी, भर वर्गात उठून म्हणाली, "बाई, तुम्ही फिरता ना, तेव्हा मीनाला तुमचं तोंडच दिसत नाही. थांबून सांगा ना!"

पण बाई रागावल्या नाहीत म्हणे. फळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि पहिला शब्द पुन्हा सांगितला. त्या दिवशी मीनाचे निम्म्याहून जास्त शब्द बरोबर आले!

आज बाईच मला म्हणाल्या, "एका जागी उभी राहून सांगते, तर मागच्या बाकांवरच्या मुलांच्याही चुका कमी झाल्या. मला आधी का सुचलं नाही, ताई?"

आणि गंमत ऐका. संध्याकाळी मीना फणफणत घरी आली. सागरगोट्यांवरून शबानाशी कट्टी! आई समजूत घालायला उठल्या, मी म्हटलं, राहू द्या. आपल्या पोरीला भांडायला मैत्रीण आहे, आणखी काय हवं? कितीतरी दिवसांनी मी पोटभर हसले.

दवाखान्यात माझा हात धरून तुम्ही विचारलं होतंत, "हिचं कसं होईल गं?" आज सांगते, सगळं नीट होईल. दर वर्षी वर्ग बदलेल, नवे गुरुजी, नव्या बाई येतील. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे उभी राहीन आणि आपल्या मीनाशी कसं बोलायचं ते सांगेन. नाही ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

तुमची,
लता