कामथडीला न पोचवलेली सून

प्रिय चि. हनुमंत यास,

मी, कोंडिबा सोनबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, इयत्ता चौथी पास, धंदा शेती, गावच्या पंचांपैकी एक, राहणार मार्गासनी, तुझा जन्मदाता, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो. मोबाईलवर तू बोलणे अर्ध्यावर तोडतोस, म्हणून कागद घेतला.

सौ. प्रेरणा पोटदुखीचे नाटक करते, तिला कामथडीला माहेरी कायमची पोचवा, असे तू चाकणहून मला कळवलेस. शिवानीच्या वेळी झालेल्या सीझरच्या टाक्याशेजारी तिला सुपारीएवढी गाठ आहे, हे तुला ठाऊक होते. तुझी आईही म्हणालीच, "आमी काय बाळंत झालो न्हाई व्हय? हिचंच पोट लई नाजूक!" लतीफच्या टेम्पोतून मायलेकींना घेऊन निघालो. नसरापूरच्या अलीकडे प्रेरणा पोट धरून वाकली, ती सरळ होईना. लतीफ म्हणाला, "आबा, माहेर काय पळून जातंय? आदी दवाखाना." टेम्पो कामथडीला थांबला नाही, थेट भोरला गेला.

बाईडॉक्टरांनी विचारले, गाठ कधी दुखते? माझ्यासमोर प्रेरणा खाली मान घालून "कवाबी" एवढेच म्हणाली. मागच्या डॉक्टरांनाही तेवढेच सांगितले असावे. त्यांनी टाके पिकले समजून मलम दिले होते. सासऱ्याने सुनेच्या अशा बाबीत तोंड घालू नये, ही आपल्या घरची रीत मला कोणी शिकवायला नको. तरी बोललो. ही बाजूला बसते तेव्हा देवापुढचा दिवा मी लावतो. ही कण्हते ती त्याच दिवसांत. एरवी भाताचे भारे उचलते. हे मी भिंतीकडे पाहून सांगितले. प्रेरणाने पदर तोंडावर घेतला. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, हेच कुणी सांगायला हवं होतं."

सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीच्या आतले अस्तर सीझरच्या वेळी टाक्यात राहून रुजते, आणि दर पाळीला तिथेही आतल्या आत रक्तस्राव होतो, असे त्यांनी समजावले. कागदावर एंडोमेट्रिओसिस असे नाव आहे. गाठ काढून तपासली म्हणजे पक्के होईल. कॅन्सर वाटत नाही, म्हणाल्या. मला हायसे वाटले नाही, रागही आला नाही. ऑपरेशनची तारीख घेऊन निघालो. परतताना कामथडी मागे पडली. शिवानी मांडीवर निजली होती. प्रेरणा म्हणाली, "आबा, आईला भेटायचं राहिलंच की." मी म्हणालो, पुढल्या खेपेला.

पत्राचे कारण असे. तुझा निरोप मी तिला दिलेला नाही, देणारही नाही. चार दिवस माहेरी विसाव्याला निघालो होतो, असेच ती समजते. येत्या सोमवारी भोरला तिचे ऑपरेशन आहे. तिला घालवायचेच असेल, तर तिच्या खाटेशी उभा राहून स्वतःच्या तोंडाने सांग. न आलास तर नवऱ्याच्या सहीच्या जागी मी सही करीन, आणि ती मार्गासनीलाच परत येईल.

तुझाच,
कोंडिबा

हे लिहिताना समक्ष हजर : तुझी आई बाळाबाई, अंगठा. लतीफ टेम्पोवाले, सही. सौ. प्रेरणा आत झोपली आहे. तिला साक्षीत धरलेले नाही.