एका पायाचा बूट

३ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी कुत्रा आणला! बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून. रंगाने भुरा, म्हणून भुऱ्या. निवाऱ्याची पद्धत अशी, की आधी महिनाभर घरी न्यायचा, जमलं तर ठेवायचा, नाहीतर परत. आई म्हणाली, काही खोट दिसली तर ती महिन्याची वाट बघणार नाही. बाबा काहीच म्हणाले नाहीत, म्हणजे ते आईच्या बाजूने.

पण घरात विचित्र प्रकार सुरू झालाय. सगळ्यांचे बूट नाहीसे होतात. जोडी नाही, एकच. संध्याकाळी सोफ्यामागे नाहीतर धुण्याच्या टोपलीत सापडतो, अगदी धड. काल बाबा ऑफिसला सपाता घालून गेले. आई माझ्याकडेच बघते. मी नाही केलं, शप्पथ! तुम्ही नोकरीभर जकात नाक्यावर लोकांच्या पेट्या तपासल्यात, तुम्हीच सांगा चोर कोण.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची पिटुकली

९ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

मला सगळ्यांचाच संशय येतो, तो पेशाचा दोष. तुझ्या बाबांचा येतो, कारण बूट न सापडणं हा ऑफिस बुडवायचा झकास बहाणा आहे. तुझा येतो, कारण शपथा घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्या कुत्र्याचा तर सगळ्यात जास्त. चांगला कुत्रा लोक सोडतील कशाला? हे विचारलंस का निवाऱ्यात?

नाक्यावर आमची एक युक्ती होती. ज्या पेटीला कुणी गुपचूप हात लावेल असं वाटे, तिच्या कडीला खडूची पूड चोळायची आणि मग हात बघत फिरायचं. तू बुटांना खडू चोळ, आणि आईला बरोबर घेऊन घर तपास. साक्षीदाराशिवाय तपासणी करू नये.

संशय फिटेपर्यंत लोभ आहे तेवढा आहे, फिटल्यावर वाढवीन.

तुझा आजोबा

१५ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न.

वि. वि. लिहीत नाही, कारण मी तुमच्यावर रागावलेय.

भुऱ्याचं नाक पांढरंफटक निघालं. मिश्यासुद्धा. आणि आई साक्षीदार! ती म्हणाली, घरात चोर नको, रविवारी परत. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

मग तुमचा प्रश्न विचारायला निवाऱ्यात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, त्याला आधी दोन घरांनी नेलं आणि परत आणून सोडलं. एका घरात बाळ झालं, दुसऱ्यांनी गाव बदललं. त्याची काहीच चूक नव्हती. आजोबा, तो बूट चावत नाही, फक्त लपवतो. घरातली माणसं बूट घालून बाहेर पडली की आपल्याला सोडून जातात, एवढंच त्याला माहीत आहे. एका बुटावर कुणाला जाता येत नाही ना!

आईला हे पटत नाही. म्हणते, कुत्रा एवढा विचार करत नसतो, पण तुम्ही बघून सांगितलं तर ऐकेन. खडूची युक्ती तुमची, तेव्हा रविवारच्या आत तुम्हीच या.

राग आहे, पण लोभही आहे.

पिटुकली

२४ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे मी संशय घेऊनच आलो होतो, लपवत नाही. आल्या आल्या बूट उशाशी ठेवले. मग मुद्दाम दारात ठेवून पाहिले. त्याने हुंगलेसुद्धा नाहीत! आधी वाटलं, पक्का मुरलेला आहे. नंतर खरंच वाईट वाटलं. सगळ्या घराचे बूट जातात आणि माझे तेवढे जागच्या जागी. म्हणजे मी राहिलो काय, गेलो काय, त्याला सारखंच.

शनिवारी दुपारी तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला नाही.

आणि रविवारी निघताना माझा उजवा बूट गायब. तू तेव्हा शेजारी निरोप सांगायला गेली होतीस. तुझी आई सोफ्यामागे वाकून शोधत होती. ती तिथेच फरशीवर बसली आणि म्हणाली, की आता याला कुठे पाठवायचं. मी खिशातला खडू काढला आणि त्याच्या गळपट्ट्यावर फुली मारली. नाक्यावर तपासून सोडलेल्या पेटीवर मारायचो तशीच.

मी बाबांच्या सपाता घालून आलो आहे, त्यांना सांग. बूट सापडला तरी पाठवू नकोस, भुऱ्याजवळच राहू दे. डावा मी इथे पुढच्या खेपेसाठी दाराशी ठेवला आहे. घराबाहेर गेलेलं माणूस परतही येतं, हे त्याला एकदा बघू दे.

तुम्हा दोघांवर लोभ आहे, तो आता विनातपासणी वाढत राहो.

तुझा आजोबा