गहू कोणाच्या दाताचे

३ मार्च
आल्या आल्या मुलाच्या तोंडात बोट! सलाम नाही, चहाची वाटी हातात घेतली नाही, तोच विहीणबाईंनी सियोवुशची हिरडी चाचपली. "मुलांना दात आधी येतात, मुलींना मागाहून." जणू दात म्हणजे यांच्या बागेतले जर्दाळू, यांना विचारून पिकणार! जुळी आहेत, आठ महिन्यांची. निगीना शेजारीच लोळत होती. तिच्या तोंडात कोणी डोकावेल तर शपथ.

५ मार्च
मॉस्कोहून माझ्या उमेदचा फोन. सुनेनं विचारलं, "कधी येताय?" तर म्हणे, "मुलाचा पहिला दात आला की कळवा. रजा काढून येतो. पहिल्या दाताचे गहू शिजवू, रीतीप्रमाणे गल्लीला वाटू."
"आणि मुलीचा आला तर?"
"तिचंही होईल गं."
होईल! पोरं चाळीस दिवसांची होती तेव्हा गेलाय. झुल्फिया अंगणात धुणं वाळत घालायला गेली. पिळलेलेच कपडे पुन्हा पिळत बसली.
माझ्या तिन्ही मुलींचे दात गव्हाविना आले. सासूबाई म्हणायच्या, दुसऱ्याच्या घरची भाकरी चावायचे दात, त्यांना आपले गहू कशाला! मी गप्प बसले. तेव्हा बसत असे.

८ मार्च
बायकांचा सण. विहीणबाईंनी सियोवुशला टोपी आणली. निगीनाला — "पुढच्या वेळी."

१० मार्च
दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, मुलांचे दात बहुधा थोडे आधी येतात, पण नेम नाही, जुळ्यांतही मागेपुढे होतं. एवढ्यासाठी सात वर्षं शिकली! विहीणबाईंनी "नेम नाही" तेवढं गाळून बाकी सगळं गल्लीभर सांगितलं.

१४ मार्च
निगीनाला शोरबा भरवत होते. चमच्यावर टक! पुन्हा भरवला — टक! सियोवुशची नुसती हिरडी.
मी वाकून पाहिलं नाही. पहिला दात ज्याला आधी दिसेल, त्यानं बाळाला सदरा शिवायचा, ही आमची रीत.
"आई, पाहिलात?"
"ऐकला. पाहिला नाही. तूही पाहू नकोस."
"मग पाहायचा कोणी?"
"ज्यानं सदरा शिवायचा, त्यानं."
झुल्फियानं लेकीचं तोंड डोळे मिटून पुसलं. किती दिवसांनी हसली.

१५ मार्च
उमेदला फोन. "दात आला." एवढंच. तो ओरडला, "शाबास रे वाघा!" मी फोन ठेवला. खोटं अक्षर बोलले नाही.

१८ मार्च
विहीणबाई मुलाची हिरडी चाचपून दमल्या. "जावई निघालेत, आणि दात कुठाय?"
म्हटलं, "तुमच्या बोटाला भिऊन आत गेला असेल."

२० मार्च
विमान उतरलं. दुपारी उमेद दारात असेल. गहू चुलीवर — तीन मुठी जास्तीचे टाकलेत, का ते माझ्या मुलींना कळेल. "कोणाचा दात?" असं त्यानं विचारलं तर झुल्फियानं बोलायचं नाही. विहीणबाईंनी तर मुळीच नाही. दात आधी त्यालाच दिसायचा, सदराही त्यानंच शिवायचा. मी निगीनाला त्याच्या मांडीवर ठेवीन आणि त्याचं बोट धरून तिच्या तोंडात घालीन. उत्तर तिनंच द्यायचं.