काट्याकडे न बघता

१२ सप्टेंबर
बल्गेरियातल्या त्र्यावनात पोचले. शाळा छान, खोली भरपूर उजेडाची. शाळेमागच्या अंगणात हौशी रेडिओवाल्यांचा क्लब आहे. त्याचे प्रमुख स्तामेनकाका चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन दारात हजर. म्हणाले, फिजिक्स शिकवता ना मास्तरीणबाई, मग आमचा एक मुडदा उठवून द्या. मुडदा म्हणजे त्यांचे दिवंगत मित्र मेतोदी अर्धवट सोडून गेले तो अ‍ॅम्प्लिफायर. जुना ट्रान्सफॉर्मर उचलायला दोन माणसं लागली असती. मेतोदींनी त्याऐवजी भंगारातल्या मायक्रोवेव्हचा इन्व्हर्टर बसवला. तळहाताएवढा, पण दोन हजार व्होल्ट देतो. मोठी गंमत वाटली.

१४ सप्टेंबर
क्लबचा नियम कळला. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते. एकाने अर्थिंगची काठी टेकवून 'मेलं' म्हणायचं; काठीतून वीज हळूहळू जमिनीत उतरते. दुसऱ्याने मीटरचा काटा शून्यावर बघून 'मेलं' म्हणायचं. मगच हात घालायचा. मेतोदी एप्रिलमध्ये याच डब्यात हात घालून गेले. काका तेव्हा कॉफी करायला गेले होते म्हणे.

१८ सप्टेंबर
काका 'मेलं' म्हणाले. मीही म्हटलं, काट्याकडे न बघता. मन मुलांच्या तपासायच्या वह्यांत होतं. मागाहून बघितलं, शून्यच होता. तरी काकांना सांगितलं नाही. का नाही?

२१ सप्टेंबर
काका दात काढून घ्यायला गेलेले. मी एकटीच कामाला बसले, हे चुकलंच. काठी टेकवून सवयीने 'मेलं' म्हटलं. मागून उत्तर आलं, 'मेलं.' पुरुषाचा आवाज, घाईतला. मागे कोणी नाही. काटा दीड हजारावर. काठीची तार अर्थिंगपासून सुटलेली.

२३ सप्टेंबर
आज काकांच्या देखत तोच आवाज. काका पांढरेफटक. विचारलं, मेतोदींचा का? म्हणाले, नाही हो. माझा.
कॉफीचं खोटं होतं. ते मीटरजवळच होते, फोनवर फुटबॉल बघत. न बघताच म्हणाले —
तेव्हा तरी मी माझं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२४ सप्टेंबर
म्हटलं, फेकून देऊ. काका ऐकत नाहीत. मेतोदीचं काम पुरं करूनच उठणार. आता माझा आवाज आल्याशिवाय हात घालणार नाहीत. म्हणाले, तुमच्यावर भरवसा आहे, बाई.

२५ सप्टेंबर, दुपार
मी मीटरजवळ. आकडे इथेच लिहिते. काकांची पाठ माझ्याकडे.
अठराशे. काठी टेकवली. 'मेलं' म्हणाले.
अकराशे. उतरतोय, सावकाश —
'मेलं.'
बाईचा आवाज. माझा. मी तोंड उघडलेलं नाही —
नऊशे. काकांचा हात