लाल शिक्क्याचा कागद

३ ऑक्टोबर १९३४

आज पुन्हा मास्तरांनी ओट्याखाली बसवलं! वर जागा होती. चटई होती. चटईवर मांजर झोपली होती — ती चालते.

शालिग्राम मास्तर शेलूबाजारचे. तीस वर्षं आकोल्याला कचेरीत कारकुनी करून आले, म्हणून गावात इंग्रजी येणारे ते एकटेच. दीड वर्ष झालं, मी तांड्यावरून दोन कोस चालत जातो, आठवड्यातून तीनदा. डोक्यावर मोळी, हातात तुपाचं गाडगं. मोळी आत जाते, तूप आत जातं, मी बाहेर राहतो.

मास्तर म्हणतात, रोज वहीत चार ओळी इंग्रजीत लिहीत जा. लिहायला बसलो. 'आय ॲम अँग्री.' झालं! तीन शब्दांत संपलं. पुढे शब्दच येईनात. दीड वर्षाचा राग तीन शब्दांत कसा मावेल? म्हणून आजपासून मराठीत. मराठी तरी कुठे आमची, घरी आम्ही गोरमाटी बोलतो. पण चौथी मराठीत पास झालो आहे, शिव्या तरी नीट लिहिता येतात.

५ ऑक्टोबर

एकाच वाक्यात तीन चुका. मास्तरांनी पाटी पुसली नाही, पाण्याने धुतली. उद्यापासून मोळी नेणार नाही.

७ ऑक्टोबर

नेली.

१४ ऑक्टोबर

नवा नाकेदार आला. इंद्रभान नाव. जंगलखात्याचा पट्टा, हातात काठी. नाल्यापलीकडच्या कुरणात आमची ढोरं चरत होती, तिथेच उभा राहिला. बाने नेहमीसारखी वेळूची नळी आणली, नळीतून कागद काढला. तांड्याचा कागद! माझा आजा अमरसिंग नाईक एकोणीसशे अकरा साली साहेबाच्या डेऱ्यावरून हा कागद घेऊन आला. खाली लाल लाखेचा शिक्का. तेव्हापासून जो नाकेदार येतो तो शिक्का बघतो, कागद कपाळाला लावतो, तुपाचं गाडगं घेतो आणि जातो. चाळीस घरांची ढोरं या एका कागदावर जगतात.

इंद्रभानने कागद कपाळाला लावला. मग म्हणाला, "कागद खरा हाये नाईक, पन जुना झाला. तेवीस सालं झाली. ताजा शिक्का पायजे. होळीपरेंत नवा आना, नाई त सारी ढोरं कोंडवाड्यात."

कागद त्याने उलटा धरला होता! इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नाही, आणि हा आम्हाला ताजा-शिळा शिकवणार. तूप मात्र घेतलं.

रात्री बा एवढंच म्हणाला, "आता समजलं, तुले कायले शिकवून राह्यलो? मराठी अर्ज तहसिलीतल्या गठ्ठ्यात कुजते. इंग्रजी अर्ज साहेबाच्या हातात जाते. तू लिव."

मी! दुसरं रीडर अजून संपलं नाही.

२५ ऑक्टोबर

मास्तरांना सांगितलं की अर्ज लिहायला शिकवा. हसले. असे हसले की पानाची पिंक धोतरावर उडाली. "तुह्या तांड्याले इंग्रजी कायले पायजे बे? बैलाले वाचून दाखवशीन काय?"

इथे 'म्हणाले' असं लिहीत होतो. नाही. म्हणाला! या वहीत तरी मास्तर म्हणाला, मास्तर हसला.

मी म्हटलं, "बैल तुमच्यापेक्षा बरं ऐकते." तोंडातून गेलंच. मास्तराने पुस्तक मिटलं आणि आत गेला. मी ओट्याखाली बसून राहिलो. तासाभराने बाहेर आला, म्हणाला, "पाठ बारावा काढ." बारावा पाठ लंडनच्या पुलावर आहे. त्या पुलाखालून आमची एक गाय तरी जाणार आहे का?

घरी बायकोला, कमलीला, सगळं सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "राग पाठ करू नको, पाठ पाठ कर." माझ्या घरातच मास्तरीण बसली आहे.

६ नोव्हेंबर

काळी अमावस्या. पोरी दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे आमची दिवाळीची गाणी, म्हणत आल्या, आधी नाईकाच्या म्हणजे आमच्या दारी. मग दरवर्षीप्रमाणे कागदाची पूजा. याडीने — माझ्या आईने — पाट मांडला, बाने नळी उघडली. आजवर मला कधी हात लावू दिला नव्हता. या वर्षी बाने नळी माझ्याकडे सरकवली, म्हणून कागद उलगडून मी धरला.

सहा ओळी. इतकी वर्षं मला वाटायचं केवढं मोठं काय लिहिलं असेल! वाचत गेलो. अर्ज हा शब्द मला येतो. जंगल येतो. चराई येतो, चौथ्या पाठात गायी चरतात. शेवटच्या ओळीतला एक शब्द मात्र नवा. तेवीस दिवाळ्यांचं कुंकू त्याच्यावर चढलेलं. नखाने खरवडलं आणि अक्षरं एकेक करून पाठ केली.

बा माझ्याकडे बघत होता. सगळे हात जोडून उभे होते. मीही जोडले.

८ नोव्हेंबर

मास्तराला सहज विचारल्यासारखं विचारलं. पाटीवर शब्द लिहिला — रिजेक्टेड. सुपारी कातरता कातरता, वर न बघता त्याने सांगितलं, "नामंजूर. फेटाळलेलं."

दोन कोस कसा आलो आठवत नाही.

नामंजूर! तेवीस वर्षं आम्ही आमच्याच तोंडावर मारलेल्या थपडेला कुंकू लावतोय! तांड्यात कोणी बाळंतीण झाली तरी पहिलं तूप या कागदाच्या नावाने नाकेदाराला गेलं. नव्या नवरीला आधी याच्या पाया पाडलं. माझी कमली पडली! तो साहेब मेला असेल, नाहीतर विलायतेत पाय पसरून बसला असेल. आजा मेला. मी कोणावर ओरडू?

९ नोव्हेंबर

सकाळी गोठ्यात बाला गाठलं. म्हटलं, तो कागद चुलीत घाल. त्यावर काय लिहिलंय ते सांगितलं.

बा शेण ओढत होता. थांबला नाही. "मले मालूम हाये."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तुह्या आज्यानं मरताना मले सांगतलं. डेऱ्याबाहेर कारकुनानं त्याले तवाच सांगतलं होतं का नामंजूर झाला म्हनून. तो घरी आला. चाळीस घरं बैलं लादून उभी होती. नाई म्हनला असता त तांडा फुटला असता, कोन कोनीकडे गेलं असतं. त्यानं म्हनलं, मिळाला."

"खोटं बोलला!"

"कागद काहून खोटा? शिक्का त खरा हाये ना."

मी फावडं फेकलं. म्हटलं, मग मला कशाला दोन कोस हाकललंस? कशाला त्या ओट्याखाली बसवलंस?

बाने फावडं उचलून माझ्या हातात दिलं. "खोटं एका पिढीले पुरते. दुसरीले नाई पुरत. या बारीले खरा कागद पायजे. म्हनून तुले शिकवलं."

१५ नोव्हेंबर

बाशी बोलत नाही. बाही बोलत नाही. मध्ये बसून कमली दोघांना वाढते.

२ डिसेंबर

अर्ज लिहिला. सात दिवस लागले. मास्तराने वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाला, "इंग्रजी बरंच शुद्ध हाये. पन हे भांडून राह्यलं." मी लिहिलं होतं : हे गवत आमचं आहे. आमच्या आज्याच्या गायी इथे चरल्या. आमचं आम्हाला द्या.

त्याने एकेक ओळ खोडली. 'आमचं' खोडलं. 'द्या' खोडलं. वर लिहायला लावलं, आम्ही अत्यंत नम्रपणे याचना करतो. खाली, आपला सर्वांत आज्ञाधारक सेवक. मी म्हटलं, मी कोणाचा सेवक नाही. मास्तर म्हणाला, "मी तीस सालं हेच लिवलं बाप्पा. मी तरी कुठं होतो?"

आणि मग ओट्यावर सरकून जागा केली. मांजर हाकलली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं उतरवून घेतलं.

११ जानेवारी १९३५

साहेबाचा डेरा शिरपूरला पडला होता. तिथे गेलो. वाटेत एक वाक्य घोकलं, शंभर वेळा घोकलं. साहेब खुर्चीवर बसून बूट काढत होता. मी अर्ज पुढे केला आणि वाक्य म्हटलं. एकही चूक नाही! मास्तराने ऐकलं असतं तर सुपारी गिळली असती.

साहेबाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "ठीक है, ठीक है. कागज मिलेगा. जाओ."

हिंदीत! पावणेदोन वर्षं मोळ्या वाहून शिकलेल्या इंग्रजीला हिंदीत जाओ!

घरी येईपर्यंत पायाला दगड लागला की शिवी, काटा लागला की शिवी. बा वेशीवर उभा होता. विचारलं, "अर्ज देल्ला?" दोन महिन्यांनी पहिला शब्द. मी म्हटलं, "देल्ला."

३० जानेवारी

अजून नाही. इंद्रभान दोनदा येऊन गेला. दोनदा तूप.

१९ फेब्रुवारी

कागद आला. इंद्रभाननेच आणून दिला, बंद पाकिटात. अख्खा तांडा लिंबाखाली गोळा झाला. शिक्का ताजा, लाल, लाखेचा वास येणारा. मी मनात वाचलं. या वेळी चारच ओळी. शेवटच्या ओळीत तोच शब्द.

वर पाहिलं. बा माझ्याकडे बघत होता. इंद्रभान काठी टेकून उभा होता. चाळीस घरं भोवती उभी होती.

मी म्हटलं, "मिळाला."

इंद्रभानने कागद कपाळाला लावला. याडी कुंकू आणायला आत गेली.